सोळाच्या हिशेबात पंधराचा मान
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्षी या दिवशी आपण कोणाकडून तरी आरोग्यावर, मुलांच्या संगोपनावर किंवा एखाद्या संतचरित्रावर चार शब्द ऐकतो. या वेळी कार्यकारिणीने मला बोलायला सांगितले. विषय कोणता, असे विचारल्यावर मी "आकडे" असे उत्तर दिले, तेव्हा काही जणी हसल्या. हसणे साहजिक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यातून मी घरसंसारात गढलेली बाई. परंतु घर चालविणारी प्रत्येक बाई सकाळपासून रात्रीपर्यंत हिशेबच करीत असते. मी आज जे सांगणार आहे त्याला बेरीज, वजाबाकी आणि थोडे पाढे यांपलीकडे काही लागत नाही. हा विषय घेण्यामागे एक कारणही आहे. ते मी शेवटाकडे सांगेन, कारण आधी हिशेब समजला तरच ते कारण नीट समजेल.

या ताटात मी ७० चिंचोके आणले आहेत. ७०च का, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात ७० पाने असतात, आणि अशा १००० पुड्यांचे एक पोते धरतात. हंगामात आपल्यापैकी कितीतरी जणी ही पाने बोटांनी मोजतात.

आता हे चिंचोके मी दहा-दहाच्या ढिगांत मांडते. सात ढीग झाले, सुटे काही उरले नाही. म्हणून आपण ७ आणि त्यापुढे शून्य लिहितो. तेच चिंचोके वीस-वीसचे करून मांडले तर तीन ढीग आणि वर दहा सुटे. आपल्या म्हाताऱ्या बाया "तीन विसा दहा" म्हणतात ते हेच. डझनाने मांडले तर पाच डझन आणि दहा. आणि सोळा-सोळाचे ढीग केले तर चार ढीग आणि सहा सुटे. ढीग बदलले, लिहिणे बदलले, पण ताटातला एकही चिंचोका कमी-जास्त झाला नाही. गोंडी बोलणाऱ्या आपल्या भगिनी उंदी, रंड, मूंद असे मोजतात, आपण एक, दोन, तीन असे मोजतो, म्हणून पाने काही वेगळी होत नाहीत. तसेच हे आहे. ताटात आहे ती संख्या, आणि आपण पाटीवर लिहितो ती तिची मांडणी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच आज माझे सांगणे आहे.

सोळाच्या ढिगांचे नवल वाटायला नको. आपल्या देशात १९५७ सालच्या १ एप्रिलपर्यंत सोळा आण्यांचा रुपया होता. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९६४ साली त्यांतला "नवे" हा शब्दही गेला. पुढे २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून बाद झाले. तरीही आपण "चार आणे", "आठ आणे" म्हणतो, आणि एखादी गोष्ट अगदी खरी असली तर ती सोळा आणे खरी असते. मी आण्यांचा व्यवहार केलेला नाही. पण माझ्या आजेसासूबाईंना तो तोंडपाठ होता, आणि त्यांच्याजवळ बसून मी तो शिकले. जुन्या वहीत रकमेपुढे एक उभा दंड म्हणजे चार आणे, दोन दंड म्हणजे आठ आणे, तीन दंड म्हणजे बारा आणे, हेही त्यांनीच दाखविले.

आता नऊचा पाढा आठवा. अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस. कोणत्याही उत्तराचे आकडे मिळवा, एक आणि आठ, दोन आणि सात, तीन आणि सहा, बेरीज नऊच येते. शाळेत आपल्याला वाटे की नऊमध्ये काही विशेष शक्ती आहे.

आण्यांच्या हिशेबात पंधराचा पाढा म्हणून पाहा. पंधरा आणे. पंधरा दुणे एक रुपया चौदा आणे. पंधरा त्रिक दोन रुपये तेरा आणे. पंधरा चोक तीन रुपये बारा आणे. पंधरा पाचे चार रुपये अकरा आणे. आता रुपये आणि आणे मिळवा. एक आणि चौदा, दोन आणि तेरा, तीन आणि बारा, चार आणि अकरा. दर वेळी पंधरा! दहाच्या लिखाणात जो मान नऊला, तोच सोळाच्या हिशेबात पंधराला आहे.

असे का होते, हे बाजारात जाणाऱ्या बाईला चटकन कळेल. पंधरा आणे द्यायचे म्हणजे दुकानदाराला रुपया द्यायचा आणि एक आणा परत घ्यायचा. म्हणून पाढ्यात दर पायरीला रुपया एकने वाढतो आणि आणा एकने घटतो, बेरीज हलत नाही. नऊचेही तसेच. नऊ द्यायचे म्हणजे दहा द्यायचे आणि एक परत घ्यायचा. नऊचा मोठेपणा इतकाच की तो दहाच्या शेजारी राहतो. आपण बाराने मोजत असतो तर हा मान अकराला मिळाला असता, आणि विसाने मोजत असतो तर एकोणिसाला.

याचा उपयोगही आहे. समजा, चार रुपये आठ आणे तीन जावांत वाटायचे आहेत. पूर्ण आण्यांत वाटणी होईल का? प्रत्येक रुपयातून पंधरा आणे बाजूला काढा. पंधरा तिघींत सारखे वाटले जातात. रुपयामागे एकच आणा उरतो. चार रुपयांचे चार आणे आणि हातचे सुटे आठ, मिळून बारा. बारा तिघींत वाटले जातात, म्हणून सगळी रक्कमही वाटली जाते, आणि प्रत्येकीला दीड रुपया येतो. पंधरा हे पाचांतही वाटले जातात, म्हणून हीच युक्ती पाच जणींसाठीही चालते. चार रुपये अकरा आणे घ्या. चार आणि अकरा पंधरा. ही रक्कम तिघींतही वाटली जाते आणि पाच जणींतही. तिघींना एक रुपया नऊ आणे, पाच जणींना पंधरा-पंधरा आणे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दहाच्या लिखाणात एखादी संख्या पाचांत वाटली जाते की नाही, हे शेवटच्या आकड्यावरून कळते, शून्य किंवा पाच असला की झाले. सोळाच्या हिशेबात शेवटचे आणे पाहून ते कळत नाही, रुपये आणि आणे मिळवावे लागतात. उलट चार जणींत आणि आठ जणींत वाटायचे असेल तर तेथे नुसते सुटे आणे पाहिले की पुरते, रुपयाकडे बघायलाच नको. आजही घड्याळात आपण साठने मोजतो. सात तास पंचेचाळीस मिनिटांचे काम तिघींत सारखे वाटता येईल का, यासाठी तासांकडे पाहू नये. पंचेचाळीस तिघींत वाटले जातात, पुरे झाले, कारण साठ स्वतःच तिघींत वाटले जातात. वाटले जाणे हा संख्येचा गुण आहे, तो कोठेही लिहा, जात नाही. पण तो ओळखण्याची खूण मांडणीप्रमाणे बदलते.

सम-विषमाचेही असेच. दहाच्या लिखाणात शेवटचा आकडा सम असला की संख्या सम. म्हणून आपल्याला वाटते की हा जगाचा नियमच आहे. पण पोती मोजताना माणसे चार उभ्या रेघा मारतात आणि पाचवी आडवी टाकतात, ते पाचाचे मोजणे आहे. असे तीन जुडगे आणि एक सुटी रेघ झाली. सुटी एक आहे म्हणून पोती विषम का? नाही, ती सोळा आहेत! पाचाच्या मोजणीत जुडगे आणि सुट्या रेघा मिळवाव्या लागतात. तीन आणि एक चार, चार सम, म्हणून संख्या सम. दर जुडग्यातून चार बाजूला काढले की एक उरतो, म्हणून ही बेरीज खरे सांगते.

या बेरजेने हिशेबाचा पडताळाही घेता येतो. कोणी ८६ पुडे दिले, तर पाने झाली ६०२०. आठ आणि सहा चौदा, एक आणि चार पाच. सत्तराचे सात. पाच सत्ते पस्तीस, तीन आणि पाच आठ. उत्तराचे सहा, शून्य, दोन, शून्य मिळूनही आठ. जुळले. आण्यांत हाच पडताळा पंधराने घेत यावा. तीन रुपये सात आणे आणि दोन रुपये बारा आणे यांची बेरीज सहा रुपये तीन आणे. पहिल्या रकमेचे दहा, दुसरीचे चौदा, मिळून चोवीस, त्यांतून पंधरा काढले की नऊ. सहा आणि तीन नऊ. बरोबर. मात्र एक सावधगिरी सांगते. ६०२० च्या जागी कोणी ६२०० लिहिले तर आकड्यांची बेरीज तीच राहते आणि चूक पकडली जात नाही. म्हणून पडताळा चुकला तर हिशेब नक्की चुकला. पण पडताळा जुळला म्हणजे हिशेब नक्कीच बरोबर, असे समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या आहेत. वही लिहिणाऱ्या ज्या भगिनी असतील त्यांनी हे मनात ठेवावे.

आता वजनांकडे येऊ. किलो येण्यापूर्वी घरोघर शेर होता. दोन छटाकांचे नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर आणि दोन अच्छेरांचा शेर. म्हणजे छटाकात सांगायचे तर १, २, ४, ८ आणि १६. ही पाच वजने एकेकच जवळ असली, तरी एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणताही जिन्नस तोलता येतो. तेरा छटाक तूर हवी तर अच्छेर, पावशेर आणि छटाक पारड्यात टाका. आठ, चार आणि एक, तेरा झाले. आणखी एक मौज अशी की प्रत्येक वजनाचा मेळ एकाच रीतीने बसतो, दुसरी रीत नाही. प्रत्येक वजनाबद्दल प्रश्न एकच, पारड्यात आहे की नाही? आहे तर एक लिहा, नाही तर शून्य लिहा. मोठ्या वजनापासून छोट्याकडे लिहिले तर तेरा म्हणजे ० १ १ ० १. हेच दोनच्या पायावरचे लिखाण. आज संगणक आणि आपल्या हातातले मोबाईल आतून याच दोन खुणांनी मोजतात. आपल्या आज्यांच्या तागडीत आणि मुलांच्या मोबाईलमध्ये एकच हिशेब आहे, हे सांगताना मला आनंद होतो.

आकड्यांच्या गुणांचा विषय निघाला की एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर नव्हते, पण रिकामा वेळ त्यांनी आकड्यांत घालविला. ६१७४ या संख्येला आज जगभर त्यांचे नाव आहे. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे मात्र नकोत. तिचे आकडे उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. तीन आकडी उत्तर आले तर पुढे शून्य धरा. काही पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. १९७५ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध शास्त्रीय मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा परदेशात त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९८६ साली ते वारले.

याच कापरेकरांनी काही संख्यांना "हर्षद", म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. एकवीस घ्या. दोन आणि एक तीन, आणि तीन साते एकवीस, म्हणून एकवीस हर्षद. पण एकवीस आणे म्हणजे एक रुपया पाच आणे. एक आणि पाच सहा, आणि एकविसाला सहाने भाग जात नाही. हर्ष गेला! उलट पस्तीस पाहा. तीन आणि पाच आठ, भाग जात नाही. पण पस्तीस आणे म्हणजे दोन रुपये तीन आणे, बेरीज पाच, आणि पाच साते पस्तीस. येथे हर्ष आला. तेव्हा हर्षद असणे हा संख्येचा एकटीचा गुण नव्हे, तो तिच्या मांडणीचाही गुण आहे. कोणत्याही पायावर लिहा, हर्ष टिकतोच, अशा संख्या साऱ्या जगात चारच आहेत: १, २, ४ आणि ६. बाराचा मान थोडक्यात हुकला. बारा ही सर्व पायांवर हर्षद आहे, फक्त आठच्या पायावर नाही. आठाचा एक ढीग आणि चार सुटे, बेरीज पाच, आणि बाराला पाचाने भाग जात नाही.

आता ते कारण सांगते.

आमच्या नात्यात एक मुलगी आहे. शिकलेली, घरकामात चोख, स्वभावाने गोड. तिचे एक चांगले स्थळ जुळत आले होते. दोन्हीकडची माणसे एकमेकांना पसंत होती. मग कोणीतरी तिची जन्मतारीख विचारली. ती २६ निघाली. दोन आणि सहा आठ, म्हणून मूलांक आठ, आणि आठ हा शनीचा म्हणून जड. तेवढ्यावरून नकार आला. मुलगी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, माझ्यात हा आठ कोठे आहे?"

मी तिच्यापुढे सव्वीस चिंचोके ठेवले. दहाने मांडले तर दोन ढीग आणि सहा, बेरीज आठ. तिने तेच विसाने मांडले, एक वीस आणि सहा, बेरीज सात. मग डझनाने मांडले, दोन डझन आणि दोन, बेरीज चार. मी तिला आणखी एक गोष्ट दाखविली. १९५७ सालच्या मार्चमध्ये आपल्या सरकारने राष्ट्रीय पंचांग स्वीकारले. आपला प्रजासत्ताक दिन २६ जानेवारी, तो त्या पंचांगात माघ महिन्याची ६ तारीख असतो. म्हणजे एकाच दिवसाचा मूलांक एका पंचांगात आठ आणि दुसऱ्यात सहा. दिवस तोच, सूर्य तोच, जन्मलेले मूलही तेच.

भगिनींनो, आकड्यांची बेरीज आपल्याला काय सांगते, ते आपण आज पाहिले. दहाने मोजताना नऊ-नऊ काढून टाकले की काय उरते, एवढेच ती सांगते. माणसाला दोन हातांना दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाने मोजतो. बोटे आठ असती तर बेरीज वेगळी आली असती आणि कोणा दुसऱ्याच मुलीला नकार गेला असता. संख्येच्या अंगी जो गुण आहे तो मांडणी बदलली तरी राहतो. सत्तर चिंचोके सात जणींत वाटले जातात, ते कसेही मांडले तरी वाटले जातातच. जो "गुण" ढीग बदलताच पळून जातो, त्यावर एका मुलीचे आयुष्य कसे तोलायचे?

मी कोणाच्या देवाधर्माविषयी काही म्हणत नाही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या मनात. माझे म्हणणे हिशेबापुरते आहे. आणि हे मी मंडळात मुद्दाम बोलते, कारण स्थळ पाहायला गेल्यावर तारीख विचारणाऱ्या बहुधा आपण बायकाच असतो. त्या मुलीला तारीख विचारणारीही एक बाईच होती. आपण विचारायचे सोडले तर पुष्कळ घरांतला प्रश्न तेथेच मिटेल. मुलीचे शिक्षण विचारा, प्रकृती विचारा, तिचे स्वतःचे मत विचारा. मुलाचे व्यसन आहे का, हेही धीटपणे विचारा.

त्या मुलीचे लग्न अजून जमलेले नाही. सध्या ती आमच्या आळीतल्या लहान मुलींना संध्याकाळी गणित शिकविते, चिंचोके घेऊनच. त्या दिवशी पाच-सहा वर्षांची एक चिमुरडी मला सांगत आली, "आजी, मला आण्यांतला पंधराचा पाढा येतो." तिने आणा कधी पाहिलेला नाही, तरी पाढा बिनचूक म्हणून दाखविला.

मंडळाकडे माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक दुपार आपण मुलींच्या हिशेबासाठी ठेवावी. त्यासाठी फळा नको, वर्गणी नको. प्रत्येकीने घरून मूठभर चिंचोके आणावेत. मुलींनी ते दहाने, बाराने, सोळाने, विसाने मांडावेत आणि काय बदलते, काय बदलत नाही, ते स्वतः पाहावे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्या ओसरीवर त्याची सुरुवात करू, असे मी चिटणीसबाईंना सांगितले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. आपापल्या मुलींना, सुनांना आणि नातींना अवश्य पाठवावे.